योगीराज पोळ्याला आला होता

८ ऑगस्ट
मुक्काम : हॉटेल (नाव सांगायला बंदी आहे)

तीर्थरूप आजीस, योगीराजचा लांबूनच दंडवत.

मी खुशाल आहे, फिकीर करू नकोस. टीव्हीवर ‘अपक्ष आमदार बेपत्ता’ म्हणून ज्याचा फोटो दाखवतात तो मीच. पण मी बेपत्ता नाही, मला फक्त बाहेर जाता येत नाही. सरकार डळमळलंय. एकेक आमदार जपून ठेवायची वेळ आलीय, म्हणून आम्हा सगळ्यांना आठवड्यापासून परराज्यातल्या एका हॉटेलात आणून ठेवलंय. आल्याबरोबर मोबाईल आणि पाकीट काढून घेतलं. सकाळ-संध्याकाळ हजेरी होते. नाव पुकारलं की उभं राहून ‘उपस्थित’ म्हणावं लागतं.

आपला ड्रायव्हर हरिओम गेटबाहेर गाडीत राहतोय. माझे कपडे इस्त्रीला तोच नेतो. हे पत्र शर्टाच्या घडीतून बाहेर जाईल. तो त्याचा फोटो काढून माधवीच्या मोबाईलवर पाठवील. तुमचं उत्तर तसंच त्याला पाठवा. तो कागदावर छापून पायजम्याच्या घडीत घालील.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो, माधवीला सांगू नकोस. मुंबईत निघताना दोन बस उभ्या होत्या. एक सरकारकडच्यांची, एक विरोधकांची. मला सरकारकडच्या बसमध्ये बसायचं होतं. पण पुढच्या बसमध्ये खिडकीची जागा रिकामी दिसली, आणि खिडकी नसली की मला मळमळतं. बसलो. ती बस कोणाची होती ते मला अजून कळलेलं नाही. इथं कोणी स्वतःहून सांगत नाही, आणि आता विचारायला बरं दिसत नाही. घोषणा सुरू झाल्या की मी नुसते ओठ हलवतो.

काही असो, हे लोक मला पशुसंवर्धन खातं देतो म्हणालेत. मंत्री, आजी! २८ तारखेला शपथ.

माधवीला न सांगता निघालो. ती रागावली असेल. तुझ्या पद्धतीनं समजाव.

तुझा,
योगीराज


राखीपौर्णिमेचा दुसरा दिवस, १० ऑगस्ट
बाभळटाकळी, पिंगळीजवळ

चि. योगीराज, आशीर्वाद. कुठं असशील तिथं जेवून घे.

तुझं पत्र माधवीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘माधवीला सांगू नकोस’ हे पण तिनंच वाचलं, अन दोनदा वाचलं. मला अक्षर येत न्हाई हे तुला जन्मापासून ठाऊक हाय. राज्यातली जनावरं सांभाळायच्या आधी घरात वाचता कुणाला येतं एवढं तरी ध्यानात ठेवायचं होतंस. हे उत्तर पण तीच लिहायली. मी बोलायले, ती लिहायली. ती तुझ्याशी बोलत न्हाई, तवा यातलं एकही अक्षर तिचं समजू नको. ती फक्त हात हाय.

बसची गोष्ट ऐकून मला नवल वाटलं न्हाई. लहानपणी मानवतला लग्नाला नेलं तर तू दुसऱ्याच वऱ्हाडात जाऊन बसलास. जेवलास, टॉवेल-टोपीचा मान घेतलास, अन संध्याकाळी नवरदेवाच्या मांडीवर झोपलेला सापडलास. सरपंच झालास तर महिनाभर उपसरपंचाच्या खुर्चीत बसून सह्या केल्यास. पंचायत समितीत दोन्ही गटांनी तुला आपला समजून निवडून दिलं. आमदारकीला दोन तगडे गडी एकमेकाला पाडायच्या नादात तुला विसरले, अन तुझी कपबशी निघून आली. तुला कुठं जायचंय हे तुला कधी मालूम नव्हतं, पण पोचलास मात्र दर वेळी. तारीफ करावी का रडावं, ते कळंना.

आता कामाचं. बावीस तारखेला पोळा हाय. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी आपल्या घरची जाती, अन तिचा कासरा घरचा कर्ता पुरुष धरतो. तुझ्या आज्यानं धरला, तुझ्या बापानं धरला, तो गेल्यावर तू. या घरात पुरुष म्हणून आता तू एकटाच. काल आपला भाऊबंद गोपाळ पारावर म्हणाला, “यंदा मान आमच्या घराकडं. आमदार काय येत न्हाई.” नुसता म्हणाला न्हाई, त्यानं बैलांना नवी झूल शिवायला टाकली.

मी या घरात सून म्हणून आले तवापासून तोरण आपल्याच जोडीनं तोडलंय. माझ्या डोळ्यांदेखत गोपाळची जोडी पुढं अन आपली मागं चालली, तर मी चुलीपाशी बसून पुरण कुणासाठी वाटू? मंत्रीपद पुढच्या वर्षी पण मिळंल. मान एकदा गेला की गोपाळच्या नातवंडांपर्यंत परत येत न्हाई.

पोळ्याला ये.

सरजाबाई
(समजावायचं म्हणतोस, तर समजावलं. म्हटलं, “जाऊ दे, माधवी, तो असाच हाय.” ती म्हणाली, “म्हणूनच बोलत नाही.”)


१३ ऑगस्ट
मुक्काम : दुसरं हॉटेल (याचंही नाव सांगायला बंदी आहे)

तीर्थरूप आजीस दंडवत.

आम्हाला इथं सांभाळणाऱ्या मोठ्या साहेबांकडे पोळ्याची सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, “पशुसंवर्धन मंत्री होणारा माणूस पोळ्यासाठी गावी जातो म्हणतो, याला काही अर्थ आहे का?” मी म्हणालो, “नाही, साहेब.” नंतर खोलीत आल्यावर वाटलं की अर्थ होता. साहेबांनी तोडगा काढलाय. पोळा इथंच, पोहण्याच्या तलावाभोवती. प्रत्येक आमदाराला मातीची एक जोडी मिळणार आहे.

मला सोडणं शक्य नाही, आजी. आकडा एकानंच पुढं आहे आणि तो एक मीच. काल हजेरीला मी ‘उपस्थित’ म्हणालो तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिंकलो तर डॉक्टर आणला.

तू असं कर. पंच म्हणून किशनराव पाटीलच बसतात ना? त्यांना सांग, यंदा कासरा सालगड्याच्या हाती द्या. किंवा माधवीच्या.

आणि मी कोणत्या बाजूचा आहे ते टीव्हीवर सांगितलं तर तेवढं कळव.

तुझा,
योगीराज


गोपाळकाल्याचा दुसरा दिवस, १७ ऑगस्ट
बाभळटाकळी

चि. योगीराज, आशीर्वाद.

टीव्ही बघितला. एका च्यानलवर तू हिकडचा हायस, दुसऱ्यावर तिकडचा. माधवी म्हणाली, “खिडकीकडचे.” हे पण लिही म्हटलं तिला. कुरकुर करत लिहिलं.

काल मी स्वतः पारावर गेले. सगळे पंच होते, गोपाळ होता. मी किशनरावला म्हटलं, यंदा सालगडी कासरा धरंल. किशनरावनं टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, “मावशी, नियम असा हाय. मालक हयात असला तर त्यानंच यायचं. हयात नसला तर घरच्या बाईनं कुणाच्याही हाती कासरा द्यावा.”

“म्हंजे त्यानं मरावं म्हणतोस?”

“तसं न्हाई, मावशी. पण मेला असता तर सोय होती.”

मला पटलं. इतकी वर्षं तुझ्यासाठी नवस बोलले, त्यात हा मुद्दा ध्यानात आला नव्हता.

गोपाळ मधीच म्हणाला, “तो हयात हाय कशावरून? पंधरा दिस कुणाला दिसला न्हाई.”

मी म्हटलं, “टीव्हीवर दिसतो की रोज.”

“टीव्हीवर दिसून भागत न्हाई,” किशनराव म्हणाला. “वेशीत उभा दिसला पायजे.”

“उभा दिसला की झालं?”

“झालं.”

“चार लोकांच्या साक्षीनं बोलायलास, किशनराव.”

“मावशी, मी शब्द फिरवतो व्हय?”

घरी आले. बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेले, तर तिथं तू उभा. निवडणुकीतला तुझा माणसाएवढा प्लायवूडचा कटाऊट. कडब्यावर पावसाचे शिंतोडे येऊ नयेत म्हणून सालगड्यानं लावून ठेवलेला. हात जोडून, हसून माझ्याकडं बघायलास. मी पदरानं तुझं तोंड पुसलं. माधवीला हाक मारली, म्हटलं, “बघ गं, तुझा नवरा आला.”

ती बिचारी दोन ढांगांत परसातून गोठ्यात आली. बघितलं, अन तशीच परत गेली. मग चूल पेटवताना तिला जे हसू फुटलं ते आवरंना. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. तुझ्या लाकडाचा तेवढा तरी उपयोग झाला.

सरजाबाई


२० ऑगस्ट
मुक्काम : तिसरं हॉटेल

तीर्थरूप आजीस दंडवत.

कटआउट? आजी, मी लोकप्रतिनिधी आहे. लोक काय म्हणतील? शिवाय त्या फोटोत हात जोडलेले आहेत. तो कासरा कसा धरणार? आणि तो फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे.

रात्रभर विचार केला. करायचंच असेल तर निदान फेटा नवा बांधा. भगवा नको, हिरवा नको, निळाही नको. मी कोणत्या बाजूचा आहे ते अजून ठरायचंय. पांढरा बांधा.

इथं मातीचे बैल आले. माझ्या जोडीतल्या एकाचं शिंग प्रवासात तुटलं.

योगीराज


पोळ्याची कर, २३ ऑगस्ट
बाभळटाकळी

चि. योगीराज, आशीर्वाद. तू काल लय छान वागलास.

आदल्या दिवशी खांदमळणी केली. सोन्या अन हरण्याच्या खांद्याला तूप-हळद लावली, जेवायचं आवतन दिलं. काल दुपारी शिंगांना बेगड, अंगावर जुनीच झूल. माधवीनं तुला पांढरा फेटा बांधला. बांधताना तुझ्याशी चार शब्द बोलली पण. काय बोलली ते विचारू नको, मी लिहून घ्यायला सांगितलं तर तिनं पेन खाली ठेवला.

वेशीत तुला सालगड्यानं मागून धरून उभा केला. जोडलेल्या हातांच्या मनगटाला कासरा बांधला. सगळा गाव गोळा. गोपाळ नव्या झुलीची जोडी घेऊन शेजारी उभा. तो ओरडला, “अरे, हे फळकुट हाय!”

किशनराव जवळ आला. तुझ्याभोवती एक चक्कर मारली. खांद्याला हात लावला. म्हणाला, “उभा हाय. दिसतोय बी.”

गोपाळ म्हणाला, “हा हलत न्हाई!”

“गेल्या साली बी हलला नव्हता. चालतात ते बैल,” किशनराव म्हणाला. “बोलत न्हाई, ही उलट सुधारणा हाय.”

बैलांच्या मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. बँडवाल्यानं ऐन सोन्याच्या कानापाशी पिपाणी लावली अन सोन्या उधळला. हरण्या त्याच्या मागं. तोरण तुटलं ते आपल्याच जोडीनं, सगळ्यांच्या आधी. सालगड्याच्या हातून तू सुटलास, पण कासरा तुझ्या मनगटाला पक्का. बैल पुढं, तू मागं. हात जोडलेले, तोंडावर हसू, धूळ उडवत चाललास. माळी गल्लीतून गेलास, खालच्या आळीतून गेलास, नाल्यातून गेलास. पाच वर्षांत ज्या गल्लीत तुझं पाऊल पडलं न्हाई त्या सगळ्या गल्ल्या तू काल एका दमात केल्यास. बाया दारात येऊन बघायल्या, “आमदार आले, आमदार आले.”

सोन्या दमून थांबला तो बौद्धवाड्यात, माधवी शिकवती त्या शाळेतले सिद्धोधन सर राहतात त्यांच्या अंगणात. सरांनी तुला उचललं, ओल्या फडक्यानं पुसलं, भिंतीला टेकवून उभा केला. मी धापा टाकत पोचले तवा तुझ्यापुढं चहा ठेवलेला अन सर तुला सांगत होते, “साहेब, आमच्या हातपंपाला दोन वर्षं दांडा नाही.” मी म्हटलं, “सर, तो लाकडाचा हाय.” सर म्हणाले, “आजी, मागच्या वेळी मुंबईला जाऊन सांगितलं तेव्हा साहेब मोबाईलमध्ये बघत होते. आज तोंडाकडे बघून ऐकतायत. मला बोलून घेऊ द्या.”

तू सगळं ऐकून घेतलंस.

बैल उधळले तवा वाटेत मानवतचा एक पत्रकार होता. त्यानं लांबून, धुळीतून तुझं शूटिंग केलं. संध्याकाळी टीव्हीवर आलं : ‘बेपत्ता आमदार पोळ्याला गावात, बैलजोडीसोबत धावले.’ अन आज सकाळी पंचायत समितीची जीप आली. आमदार गावात हायत म्हणून साहेबलोक घाबरले. हातपंपाला दांडा बसला.

आता तुला पुढच्या दारात उभा केलाय. लोक अर्ज आणून द्यायलेत. माधवी ते घेऊन आजच दोनदा तालुक्याला जाऊन आली, तिथं सांगती, “साहेब घरीच आहेत, वाट बघतायत.” कामं व्हायलीत.

मान राहिला. पुरणपोळी तुझ्या नावानं सोन्याला घातली.

सरजाबाई


२५ ऑगस्ट
मुक्काम : तिसरंच हॉटेल, पण खोली काढून घेतली

आजी, घात झाला!

ती बातमी इथल्या मोठ्या टीव्हीवर लागली. सगळे चहा पीत होते. साहेबांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, “योगीराज गावात आहे. मग तू कोण?”

मी म्हणालो, “योगीराज.”

साहेब म्हणाले, “तो बैलांबरोबर पळाला. तुला जिना चढताना दम लागतो.”

मी म्हणालो, “माझं पाकीट तुमच्याकडे आहे, त्यात माझं ओळखपत्र आहे.” ते म्हणाले, “पाकीट योगीराजांचं आहे, ते तुझं कशावरून?” ओळखपत्रावरचा फोटो माझ्या तोंडापाशी धरून बघितला. टीव्हीवरच्याशी जुळतो, माझ्याशी जुळत नाही. तो आणि कटआउटवरचा फोटो एकाच दिवशी काढलेले आहेत, आजी!

कोणी म्हणालं, हा समोरच्यांनी घुसवलेला आहे. पुरावा काय? तर घोषणा देताना नुसते ओठ हलवतो. संध्याकाळच्या हजेरीला माझं नाव पुकारलं. मी ‘उपस्थित’ म्हणालो, तर साहेबांनी ‘गैरहजर’ लिहिलं.

आता एकच उपाय. साहेब म्हणतात, घरच्या वडीलधाऱ्या माणसाचं लेखी आणा. तू माधवीकडून एवढंच लिहून घे : “पोळ्याला वेशीत होता तो योगीराज नव्हता.” खाली तुझा अंगठा. बस. त्या एका ओळीवर माझं मंत्रीपद आहे. सरपंचकीपासून आजवर केलेलं सगळं त्या ओळीवर आहे.

मान गोपाळकडे जाईल, मला कळतं. पण मंत्री झालो की वेशीला सिमेंटची कमान बांधून देतो. वर आपल्या घराचं नाव टाकू.

एक अंगठा, आजी.

योगीराज


हरतालिका, २६ ऑगस्ट
बाभळटाकळी

हॉटेलातल्या मोठ्या साहेबांना सरजाबाईचा रामराम. तुमची-माझी ओळख न्हाई, पण आमच्या घरचं माणूस तुमच्याकडं राहिलं म्हणतात, तवा परकं कसं मानू?

मला लिहिता येत न्हाई. नातसून लिहायली. गोपाळ नावाचा आमचा भाऊबंद सकाळपासून ओसरीत बसून हाय. तुम्हाला माझं लेखी पायजे हे त्यानं पण ऐकलं. “आजी, खरं ते लिहा, तो योगीराज नव्हता,” असं तो मला चहा पितापिता सांगायलाय. तिसरा कप हाय. तुम्हाला अन गोपाळला एकच ओळ पायजे, याची मला मोठी गंमत वाटली.

मी सकाळभर दारातल्या योगीराजकडं बघत बसले. एक म्हातारी आली, निराधारच्या पगाराचा अर्ज त्याच्या पायाशी ठेवला, त्याची दृष्ट काढून गेली. दोन शेजारी बांधावरून भांडत आले, त्याच्यापुढं उभं राहून भांडले, दोघांना वाटलं आपलं ऐकलं, अन सोबत घरी गेले. मग मी माधवीला म्हटलं, घे पेन.

तर साहेब, ऐका. पोळ्याला वेशीत उभा होता तो माझा नातू योगीराज, आमदार. पंचांनी बघितला, गावानं बघितला, तुमच्या टीव्हीनं बघितला. तो कुठं गेलेला न्हाई, कुणी नेलेला न्हाई. तो घरीच हाय, अन लोकांच्या कामात हाय.

तुमच्याकडं जो हाय त्याचं म्हणाल, तर तो बिचारा कुणाच्या तरी घरचा असंल. आमदार नसंल, नुसता माणूस असंल. अशा माणसाला कोंडून तुमचा काय फायदा? त्याची बायको दिवसातून दहादा मोबाईल उघडून बघत असंल अन कुणी आलं की झाकून ठेवत असंल. (हे लिहायला नातसून तयार नव्हती. लिही म्हटलं, हरतालिकेला खोटं लिहू नये.) त्याला सोडून द्या. सोडताना खिडकीपाशी बसवा, त्याला मळमळतं.

हा माझा डाव्या हाताचा अंगठा.


२८ ऑगस्ट
मानवत, बसस्टँडसमोर

तीर्थरूप आजीस दंडवत.

तुझं पत्र साहेबांनी सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. खिडकीची ओळ आली तेव्हा मी रडलो. साहेब म्हणाले, “बघा, परका माणूस, पण किती भावूक झाला.” मला गेटबाहेर सोडलं. मोबाईल आणि पाकीट परत मागितलं, तर म्हणाले ते खऱ्या मालकाला नेऊन देऊ.

आणि निघालेच ते. साहेबांच्या चार गाड्या बाभळटाकळीकडे येतायत, योगीराजांना सन्मानानं घेऊन जायला. आजची शपथ त्यांच्यासाठी थांबवलीय. टोलनाक्यावर मागून आणखी सहा गाड्या आल्या. त्या समोरच्या बाजूच्या. त्यांनाही तोच हवाय. दोघंही आमच्या गाडीला ओलांडून पुढे गेले. एकानं काच खाली करून मला पत्ता विचारला. मी सांगितला.

हरिओमच्या मोबाईलवरून बोललो असतो, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माधवी उचलत नाही. म्हणून शेवटचं लिहितोय. मी चहाच्या टपरीवर बसलोय. मला इथं कोणी ओळखलं नाही. चहावाल्यानं टीव्हीकडे बोट दाखवून विचारलं, “आमदार लय कामाचा निघाला म्हणे?” मी म्हणालो, “हो.”

आजी, मी घरी कोण म्हणून येऊ?

योगीराज


२८ ऑगस्ट, दुपार
बाभळटाकळी

चि. योगीराज, आशीर्वाद. घाईत सांगायले, घाईत लिहायली.

दहा गाड्या दारात लागल्यात. दोन्हीकडचे साहेब ओसरीत तुझ्या दोन्ही बाजूंना बसलेत. तुला इतके हार घातलेत की फेटा तेवढा दिसायलाय. एकानं तुझ्या कानात काही सांगितलं, मग दुसऱ्यानं सांगितलं. तू गप्प. पहिला म्हणाला, “नाही म्हणाले नाहीत, म्हणजे आमचेच.” दुसरा म्हणाला, “हसतायत आमच्याकडं बघून.” पहिल्यानं तुला उचलून गाडीत घालायचा इरादा केला, तर किशनराव काठी घेऊन आडवा आला. “पंचांना विचारल्याबिगर मानकरी गावाबाहेर जात न्हाई.” गोपाळनं पण तुला दुसऱ्या अंगानं धरून ठेवलं. म्हणाला, “आमच्या घरचा माणूस हाय.” त्याच्या हातून मान गेला तो गेला, पण घरातून मंत्री जायची वेळ आली तवा तो भाऊबंद झाला. तुझ्या लाकडाला बगलेत धरून बसलाय.

लाकूड हाय हे कुणाच्या ध्यानात आलं न्हाई असं समजू नको. सगळ्यांच्या ध्यानात आलंय. पहिल्या साहेबानं टिचकी मारून बघितली. मग म्हणाला, “चालेल.”

कोण म्हणून येऊ विचारतोस. हरण्याचा पाय नाल्यात मुरगाळलाय, शेक द्यायला माणूस पायजे. चुलीला सरपण न्हाई. माधवी तालुक्याला सात खेपा करून दमलीय, तिला कुणीतरी चहा करून द्यायला पायजे. हे लिहिताना ती काही बोलली न्हाई अन पेनही खाली ठेवला न्हाई. म्हंजे ये.

पण मागच्या दारानं ये, गोठ्यातून. पुढच्या दारात तू उभा हायस अन लोकांची कामं व्हायलीत. उगं मधी येऊ नको.

सरजाबाई